मेंदूच्या प्रतिमांची गटतुलना आणि सहचलांचा प्रश्न : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

दोन मानवी गटांच्या मेंदूंची तुलना करणे हा विज्ञानाच्या इतिहासातील एक जुना आणि तितकाच वादग्रस्त उद्योग आहे. एकोणिसाव्या शतकात ही तुलना शवविच्छेदनगृहातील तराजूवर होत असे. आज ती एमआरआय यंत्राने घेतलेल्या प्रतिमांच्या आधारे संगणकावर होते. साधने बदलली, अचूकता वाढली, आकडेमोडीचा वेग कल्पनेपलीकडे गेला. तथापि मूळ प्रश्न बदललेला नाही. दोन गटांच्या सरासरींत जो फरक दिसतो तो नेमका कशाचा मानावा, हाच तो प्रश्न होय.

हा प्रश्न उद्भवतो याचे कारण उघड आहे. स्त्रिया व पुरुष, रुग्ण व निरोगी, तरुण व वृद्ध असे कोणतेही दोन गट घेतले तरी ते केवळ एकाच बाबतीत भिन्न नसतात. त्यांच्या वयात, उंचीत, शिक्षणात, कवटीच्या आकारमानात आणि यंत्रात स्थिर पडून राहण्याच्या क्षमतेतही फरक असतो. जो घटक आपल्या अभ्यासाचा विषय नाही, परंतु मोजमापावर ज्याचा परिणाम होतो, त्याला संख्याशास्त्रात कोव्हेरिएट म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘सहचल’ हा शब्द योजला आहे. सहचलाचा परिणाम गणिताने वजा करून उरलेला फरक पाहणे, ही आजच्या मेंदू-प्रतिमा संशोधनातील नित्याची रीत आहे.

ही रीत कोठून आली, तिच्या मुळाशी कोणती गृहीतके होती आणि ती मूळ क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाताना त्या गृहीतकांचे काय झाले, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे. कोणता सहचल वजा करावयाचा, हा निर्णय गणित घेत नाही. तो संशोधक घेतो. म्हणून त्या निर्णयात काळाच्या, समाजाच्या आणि सत्तेच्या खुणा उमटलेल्या असतात. दुसरे असे की, अभ्यासाच्या आराखड्यात जी तुलनीयता मुळातच नाही, ती सहचल वजा करून नंतर निर्माण करता येत नाही. या दोन विधानांची तपासणी पुढील विवेचनात केली आहे.

पॅरिसमधील तराजू : ब्रोका आणि ग्रात्योले

मेंदूतील वाचाकेंद्राच्या शोधामुळे पॉल ब्रोका हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्याच ब्रोकाने १८५९ मध्ये पॅरिसमध्ये मानवशास्त्र संस्थेची स्थापना केली. या संस्थेत १८६१ मध्ये लुई पिएर ग्रात्योले याच्याशी त्याचा प्रसिद्ध वाद झाला. मेंदूचे आकारमान आणि बुद्धी यांचा काही संबंध आहे काय, हा वादाचा विषय होता. असा संबंध आहे, असे ब्रोकाचे ठाम मत होते. ग्रात्योलेला ते मान्य नव्हते.

ग्रात्योलेने एक अडचणीचा मुद्दा पुढे केला. उपलब्ध आकड्यांनुसार जर्मनांच्या मेंदूचे सरासरी वजन फ्रेंचांपेक्षा सुमारे १०० ग्रॅमने अधिक भरत होते. वजन म्हणजेच बुद्धी असे मानले तर जर्मन हे फ्रेंचांपेक्षा बुद्धिमान ठरणार होते. त्यावर ब्रोकाने जे उत्तर दिले ते पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. दोन्ही गटांची शरीरयष्टी सारखी नाही, मृत्यूसमयीचे वय सारखे नाही आणि प्रकृतिमानही सारखे नाही, असे त्याने दाखवून दिले. या गोष्टींची वजाबाकी केल्यावर जर्मनांचे श्रेष्ठत्व उरले नाही. सहचलांची संकल्पना नावारूपास येण्यापूर्वीचा हा सहचलांचा अत्यंत कुशल वापर होता.

आता याच ब्रोकाची दुसरी तुलना पाहावी. पॅरिसमधील रुग्णालयांत शवविच्छेदनात मिळालेल्या २९२ पुरुषांच्या मेंदूंचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंचे सरासरी वजन ११४४ ग्रॅम भरले. फरक १८१ ग्रॅमचा होता. स्त्रियांची उंची पुरुषांपेक्षा कमी असते, हे ब्रोकाला अर्थातच ठाऊक होते आणि फरकाचा काही भाग त्यामुळे असणार, हेही त्याने मान्य केले. मात्र तो भाग किती, हे मोजण्याची त्याला आवश्यकता वाटली नाही. स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा कमी बुद्धिमान असतात हे आपणांस आधीच माहीत आहे, असा त्याचा पवित्रा होता. पुढे स्टीफन जे गूल्ड याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ब्रोकाच्याच सामग्रीवर उंची व वय या दोन सहचलांची दुरुस्ती करून पाहिली, तेव्हा १८१ ग्रॅमचा फरक ११३ ग्रॅमवर आला. उरलेल्या फरकाचा बुद्धीशी संबंध जोडण्यासही काही आधार नव्हता.

ब्रोका हा बेफिकीर संशोधक नव्हता आणि त्याने आकडे बनवलेही नाहीत. त्याची मोजमापे काटेकोर होती. जेथे राष्ट्राची प्रतिष्ठा पणास लागली तेथे त्याने प्रत्येक सहचल बारकाईने तपासला. जेथे निष्कर्ष त्याच्या काळाच्या समजुतीशी जुळत होता तेथे तीच तपासणी त्याला अनावश्यक वाटली. पूर्वग्रह मोजमापात शिरला नाही. तो दुरुस्ती कोठे करावयाची आणि कोठे नाही, या निवडीत शिरला.

भारतीय अनुभव : रिस्ले, महालनोबिस आणि इरावती कर्वे

शरीराच्या मोजमापावरून समूहांची प्रतवारी लावण्याची ही विद्या युरोपपुरती मर्यादित राहिली नाही. वासाहतिक प्रशासनाबरोबर ती भारतात आली. हर्बर्ट रिस्ले याने बंगालमधील जाती-जमातींची मोजमापे १८९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि नाकाच्या रुंदी-लांबीच्या गुणोत्तरावरून जातींची सामाजिक उतरंड स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला. येथे मेंदूऐवजी नाक होते, परंतु युक्तिवादाची रचना तीच होती. समूहाची सरासरी घ्यावयाची, फरक दाखवावयाचा आणि त्या फरकास वंशाचे कारण जोडावयाचे.

या रचनेची संख्याशास्त्रीय चिकित्सा ज्याने केली त्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कार्याचा एक धागा महाराष्ट्राच्या भूमीशी जुळतो. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांच्याशी त्यांची भेट झाली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन समाजाच्या शरीरमापांचे विश्लेषण करावे, अशी सूचना अॅनन्डेल यांनी त्यांना केली. भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाचा पहिला संख्याशास्त्रीय निबंध त्यातूनच १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अभ्यासात त्यांना असे आढळले की, बंगालमधील ब्राह्मणांचे शारीरिक साम्य अन्य प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधील इतर जातींशी अधिक आहे. ‘कोणाची तुलना कोणाशी’ हे बदलताच निष्कर्षाचा रोख बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय. १९३३ मध्ये त्यांनी रिस्लेच्या सामग्रीचीही फेरतपासणी केली.

या कामातून १९३६ मध्ये महालनोबिस यांचे व्यापकीकृत अंतर सिद्ध झाले. उंची, कवटीची लांबी, रुंदी ही मापे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. एक वाढले की दुसरेही बहुधा वाढते. तेव्हा प्रत्येक मापातील फरक सुटा मोजून त्यांची बेरीज केली, तर एकाच गोष्टीची अनेकदा मोजदाद होते. महालनोबिस यांच्या सूत्रात मापांमधील हे परस्परसंबंध हिशेबात धरले जातात. आजच्या मेंदू-प्रतिमा संशोधनात एखादी प्रतिमा गटाच्या तुलनेत किती वेगळी पडते, हे ठरविण्यासाठी हेच अंतर वापरले जाते. जातिसमूहांच्या मोजमापासाठी घडलेले हत्यार अशा रीतीने मेंदूच्या अभ्यासात येऊन पोहोचले.

याच सुमारास एका मराठी संशोधिकेने प्रत्यक्ष कवट्यांवर काम केले, ही बाब आपल्याकडे पुरेशी नोंदली गेलेली नाही. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचा अभ्यास करीत होत्या. मानवी कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत समान नसते. ही असमानता वंशानुसार बदलते आणि युरोपीयांच्या मेंदूचे वैशिष्ट्य तीत प्रतिबिंबित होते, अशी त्या वर्तुळातील धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली. तिचा वंशाशी संबंध मात्र आढळला नाही. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात तसाच मांडला. फिशर यांच्या विचारांचा नाझी राजवटीने पुढे कसा उपयोग केला हे लक्षात घेता, या प्रामाणिकपणाचे मोल केवळ शैक्षणिक राहत नाही.

शेतातून आलेले तंत्र आणि त्याची अट

सहचलाचा परिणाम रीतसर वजा करण्याचे गणित मेंदूच्या अभ्यासात घडले नाही. ते शेतीच्या प्रयोगांत घडले. रोनाल्ड फिशर हे १९१९ पासून इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम करीत होते. (बर्लिनच्या फिशर यांच्याशी त्यांचे केवळ आडनावाचे साम्य आहे.) त्यांच्या १९२५ च्या गाजलेल्या पुस्तकाच्या १९३२ मधील चौथ्या आवृत्तीत सहप्रचरण विश्लेषणाची पद्धत प्रथम सविस्तर आली. तेथे उदाहरण घेतले होते ते सिलोनमधील चहाच्या वाफ्यांचे. काही वाफे मुळातच अधिक उत्पन्न देणारे असतात. खताचा परिणाम पाहावयाचा असेल, तर प्रयोगापूर्वीचे उत्पन्न सहचल म्हणून घ्यावे आणि त्याचा परिणाम वजा करावा, म्हणजे खताचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो.

या पद्धतीमागे दोन अटी आहेत. पहिली अट अशी की, कोणत्या वाफ्यास कोणते खत द्यावयाचे हे यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरलेले असले पाहिजे. त्यामुळे सुपीक वाफे एकाच गटात जमा होण्याची पद्धतशीर शक्यता राहत नाही. जो फरक राहील तो योगायोगाचा राहतो. दुसरी अट अशी की, सहचलाचे मोजमाप प्रयोगापूर्वीचे असले पाहिजे. मागील वर्षीच्या उत्पन्नावर यंदाच्या खताचा परिणाम होऊ शकत नाही. या दोन अटी पाळल्या की सहचल हा केवळ गोंगाट कमी करणारा मदतनीस असतो. गटांमधील मूळचा फरक पुसून टाकण्याचे काम त्याच्याकडे मुळात सोपविलेलेच नव्हते.

शेतातून हे तंत्र मानवी गटांच्या अभ्यासात आले, तेव्हा पहिली अट गळून पडली. कोणास स्त्री व्हावयाचे, कोणास रुग्ण व्हावयाचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. या स्थित्यंतरातील धोका फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये एका छोट्याशा निबंधात दाखवून दिला. विद्यापीठाच्या भोजनगृहातील आहाराचा मुलामुलींच्या वजनावर काय परिणाम झाला, हे दोन संख्याशास्त्रज्ञ तपासतात अशी त्यांनी कल्पना केली. दोन्ही गटांचे सरासरी वजन वर्षाच्या आरंभी जेवढे होते तेवढेच अखेरीस आहे. पहिला संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, आहाराच्या परिणामात मुले-मुली असा काही फरक नाही. दुसरा आरंभीचे वजन सहचल म्हणून घेतो आणि म्हणतो, समान आरंभिक वजनाच्या मुलामुलींची तुलना केली असता मुलांचे वजन अधिक वाढले आहे. दोघांच्याही आकडेमोडीत चूक नाही. आधीपासून भिन्न असलेल्या गटांमधील फरकाची योग्य भरपाई केवळ संख्याशास्त्रीय प्रक्रियेने होईल अशी अपेक्षा धरता येत नाही, हा लॉर्ड यांचा निष्कर्ष होता. पॉल मील यांनी १९७० मध्ये आणि ग्रेगरी मिलर व जीन चॅपमन यांनी २००१ मध्ये मनोविकारांच्या संशोधनासंदर्भात हाच इशारा पुन्हा दिला.

मेंदू-प्रतिमांच्या युगात सहचलांचा प्रवेश

१९८०च्या दशकात किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने मेंदूतील रक्तप्रवाह मोजणारी पेट ही प्रतिमापद्धती प्रचारात होती. तिच्यात एक अडचण होती. एकाच व्यक्तीचा संपूर्ण मेंदूतील रक्तप्रवाहही एका मोजणीपासून दुसऱ्या मोजणीपर्यंत कमीअधिक होत असे. मग एखाद्या विशिष्ट भागातील वाढ ही त्या भागाची, की सर्वच मेंदूची? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील कार्ल फ्रिस्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये यावर उत्तर म्हणून फिशर यांचेच सहप्रचरण विश्लेषण वापरले. संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह हा सहचल ठरला. १९९१ पासून फ्रिस्टन यांची एसपीएम ही संगणक प्रणाली संशोधकांच्या हाती येऊ लागली. पुढे १९९२ पासून मानवी मेंदूच्या अभ्यासात एमआरआयवर आधारित कार्यदर्शी प्रतिमा आल्या आणि हा मार्ग राजमार्ग झाला.

या प्रणालीत मेंदूची प्रतिमा हजारो सूक्ष्म घनांमध्ये विभागली जाते आणि प्रत्येक घनासाठी तेच समीकरण सोडविले जाते. समीकरणाचा आराखडा एका तक्त्यात मांडलेला असतो. त्यात प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ आणि गट, वय, लिंग अशा प्रत्येक घटकासाठी एक स्तंभ असतो. १९९८ मध्ये अँड्र्यू होम्स व फ्रिस्टन यांनी त्यात आणखी एक पायरी घातली. तोपर्यंतच्या अनेक अभ्यासांत एकाच व्यक्तीच्या अनेक मोजण्या आणि अनेक व्यक्तींच्या मोजण्या यांत पुरेसा भेद केला जात नव्हता. त्यामुळे निष्कर्ष केवळ तपासलेल्या व्यक्तींपुरता खरा ठरे. प्रथम प्रत्येक व्यक्तीचा एक सारांश काढावा आणि मग व्यक्तीव्यक्तींतील तफावतीच्या तुलनेत गटाची सरासरी पाहावी, या द्विस्तरीय रचनेमुळे निष्कर्ष व्यापक लोकसमूहास लावणे शक्य झाले.

तक्त्यात एक स्तंभ वाढविणे संगणकावर क्षणाचे काम असते. त्या क्षणाच्या कामात नेमके काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, ‘अ’ गटातील व्यक्ती २५ ते ३५ वर्षांच्या असून त्यांचे सरासरी वय ३० आहे. ‘ब’ गटातील व्यक्ती ५५ ते ६५ वर्षांच्या असून सरासरी वय ६० आहे. मेंदूतील करड्या द्रव्याचे सरासरी आकारमान ‘अ’ गटात ७०० आणि ‘ब’ गटात ६१० घन सेंटिमीटर आहे. दोन्ही गटांत वयाच्या प्रत्येक वर्षागणिक ते ३ घन सेंटिमीटरने घटते. वय हा सहचल घेऊन प्रत्येकाच्या वयातून ४५ ही सर्वांची सामाईक सरासरी वजा केली, तर गटांतील फरक शून्य येतो. ३० वर्षांची घट ९० घन सेंटिमीटरची असून ती संपूर्ण फरकाचे स्पष्टीकरण देते. परंतु प्रत्येकाच्या वयातून त्याच्या स्वतःच्या गटाची सरासरी वजा केली, तर फरक पूर्ण ९० येतो. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. पहिले उत्तर ‘वय समान असते तर’ या प्रश्नाचे आहे. दुसरे उत्तर ‘गट जसे आहेत तसे’ या प्रश्नाचे आहे.

यातही एक अंतर्गत अडचण आहे. पहिल्या उत्तरात दोन्ही गटांची तुलना ४५व्या वर्षी केली गेली, पण ४५ वर्षांची एकही व्यक्ती कोणत्याच गटात नाही. वयाचा उतार त्या अज्ञात प्रदेशातही सरळ रेषेतच जातो, हे आपण गृहीत धरले. शिवाय वयानुसार होणारी घट दोन्ही गटांत वेगवेगळ्या गतीने होत असेल, तर ‘गटांतील फरक’ असे एकच उत्तर उरत नाही. तो फरक कोणत्या वयात पाहावयाचा हे सांगावे लागते. वयाची गणिती दुरुस्ती केल्याने ज्या वयोगटाची सामग्री गोळाच केली नाही, ती सामग्री उपलब्ध होत नाही.

डोक्याची हालचाल : एक आत्मपरीक्षण

२१व्या शतकाच्या पहिल्या दशकात असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले की, लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळच्या भागांतील संबंध दृढ असतात आणि वाढत्या वयाबरोबर दूरदूरच्या भागांतील संबंध बळकट होत जातात. हे चित्र आकर्षक होते. २०१२ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, यंत्रात डोके मिलिमीटरच्या अंशाइतके हलले, तरी जवळच्या भागांतील संबंध वाढल्यासारखे आणि दूरच्या भागांतील संबंध घटल्यासारखे दिसतात. मुले मोठ्यांपेक्षा अधिक हलतात. म्हणजे विकासाचे म्हणून जे चित्र रंगविले गेले, त्यातील काही भाग चुळबुळीचा होता. यांपैकी सेंट लुईस येथील गटात पूर्वीचे निष्कर्ष मांडणारे काही संशोधक स्वतः सहभागी होते. आपल्याच सिद्धांतास धक्का देणारा पुरावा त्यांनी प्रसिद्ध केला, ही नोंद इतिहासाने आदराने घ्यावी अशी आहे.

यावर उपाय म्हणून डोक्याची हालचाल हा सहचल गटविश्लेषणात घेतला जाऊ लागला. पण तेथेही जुनाच प्रश्न समोर आला. चंचलता हे ज्या विकाराचे लक्षणच आहे, त्या विकाराच्या मुलांची तुलना करताना हालचाल वजा केली, तर विकाराचाच काही भाग वजा होत नाही काय? वजा न केली, तर यंत्रातील दोष मेंदूच्या माथी मारला जात नाही काय? फिशर यांची दुसरी अट येथे मोडलेली दिसते. सहचल हा गटापासून स्वतंत्र नाही. तो गटाच्या व्याख्येतच मिसळलेला आहे.

ब्रोकाचा प्रश्न, आजची सामग्री

स्त्री-पुरुषांच्या मेंदूंची तुलना अद्यापही होतेच. २०१८ मध्ये ब्रिटनच्या ‘बायोबँक’ प्रकल्पातील ५२१६ व्यक्तींच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या मेंदूचे सरासरी आकारमान अधिक आढळले. एकूण आकारमान सहचल म्हणून घेतल्यावर मात्र निरनिराळ्या भागांतील बहुतेक फरक पुष्कळच कमी झाले. लीस एलिअट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तीन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की, आकारमानाची दखल घेतल्यानंतर मेंदूच्या रचनेतील तफावतीपैकी सुमारे १ टक्का एवढाच वाटा लिंगभेदाकडे जातो. ब्रोकाने जी वजाबाकी अनावश्यक मानली, ती केल्यावर चित्र किती पालटते हे यावरून दिसते.

तुलनेचा मापदंड कोणता, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. निरनिराळ्या व्यक्तींचे मेंदू एका सामाईक साच्यात बसवून मगच गटविश्लेषण होते. १९८८ मध्ये ताल्यराक व तुर्नू यांनी प्रसिद्ध केलेला बहुप्रचलित नकाशा ६० वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. त्यानंतर माँट्रिऑल येथे ३०५ व्यक्तींच्या प्रतिमांची सरासरी काढून नवा साचा तयार झाला. भारतीय व्यक्तींच्या प्रतिमांवरून १०० जणांचा साचा हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेने २०१९ मध्ये सादर केला, तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी व उंची प्रचलित साच्यांहून कमी असल्याचे दिसून आले. याचा अर्थ श्रेष्ठ-कनिष्ठ असा मुळीच नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालून आपले अंग वाकडे आहे असे म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ.

सहचल की आराखडा : लंडनच्या टॅक्सीचालकांचे उदाहरण

सहचलाला मर्यादा आहेत, तर मार्ग कोणता? याचे एक उत्तम उत्तर लंडनमध्ये मिळाले. एलेनॉर मॅग्वायर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये १६ टॅक्सीचालकांच्या मेंदूंची ५० अन्य पुरुषांशी तुलना केली. स्मृती व दिशाज्ञानाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील अंश टॅक्सीचालकांत मोठा आढळला. यावर रास्त शंका होत्या. हा परिणाम शहरातील हजारो रस्ते पाठ करण्याचा, की दिवसभर वाहन चालविण्याचा आणि रहदारीतील ताणाचा? वाहन चालविण्याचे तास हा सहचल घेऊन हे सुटले नसते, कारण तुलनेच्या गटातील लोक दिवसभर वाहन चालवीतच नव्हते.

मॅग्वायर यांनी आराखडाच बदलला. २००६ च्या अभ्यासात त्यांनी तुलनेसाठी लंडनमधील बसचालक निवडले. तेच शहर, तेच वाहन चालविणे, तोच ताण. पण बसचा मार्ग ठरलेला असतो. फरक तरीही आढळला. एक शंका उरलीच होती. ज्यांचा हा भाग जन्मतः मोठा तेच टॅक्सीच्या व्यवसायात टिकत असतील काय? म्हणून २०११ मध्ये कॅथरीन वूलेट व मॅग्वायर यांनी टॅक्सीचा परवाना मिळविण्यासाठी शिकणारे ७९ उमेदवार आणि ३१ अन्य व्यक्ती यांच्या प्रतिमा प्रशिक्षणाच्या आरंभी व काही वर्षांनी पुन्हा घेतल्या. आरंभी गटांत फरक नव्हता. जे ३९ उमेदवार उत्तीर्ण झाले, त्यांच्यातच वाढ आढळली. एकेक शंका वजाबाकीने न मिटविता तुलनेचा गट व काळ बदलून मिटविली गेली. आराखड्याने जे साधते ते सहचलाने साधत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

अलीकडील दोन अभ्यासांनीही याच दिशेचा कौल दिला आहे. २०२० मध्ये ७० संशोधकगटांना एकच प्रतिमासंच व ९ गृहीतके दिली असता, कोणत्याही दोन गटांनी विश्लेषणाच्या सर्व पायऱ्या सारख्या निवडल्या नाहीत आणि निष्कर्षांतही लक्षणीय भिन्नता आली. २०२२ मध्ये सुमारे ५०,००० व्यक्तींच्या सामग्रीवरून असे दाखविले गेले की, मेंदूची रचना व वर्तन यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांना हजारोंचा नमुना लागतो. प्रत्यक्षात अशा अभ्यासांतील नमुन्याचा मध्यक सुमारे २५ होता. तथापि मोठ्या नमुन्याने योगायोगाचा दोष कमी होतो, तुलनेतील मूळचा कल नाहीसा होत नाही. लाखभर व्यक्ती घेऊनही चुकीच्या गटाशी तुलना केली, तर चुकीचे उत्तर अधिक आत्मविश्वासाने मिळते इतकेच.

समारोप

१८६१ ते २०२२ या कालखंडात गटतुलनेचे गणित परिपक्व झाले, यात शंका नाही. परंतु या इतिहासातून निष्पन्न होणारा बोध गणिताच्या अलीकडचा आहे. ब्रोकाने सोयीची वजाबाकी केली आणि गैरसोयीची टाळली. महालनोबिस यांनी तुलनेचा गट बदलून पाहिला. इरावती कर्वे यांनी अपेक्षेविरुद्धचा निष्कर्ष लपविला नाही. फिशर यांनी सहचलास अटी घातल्या आणि त्या अटी विसरल्या गेल्या, तेव्हा लॉर्ड यांना त्यांची आठवण करून द्यावी लागली. मॅग्वायर यांनी बसचालक शोधले.

हा विषय केवळ मेंदूतज्ज्ञांचा नाही. सहप्रचरण विश्लेषण आपल्या महाविद्यालयांतील शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र या विषयांच्या प्रबंधांतही वापरले जाते. ग्रामीण व शहरी विद्यार्थी, अनुदानित व विनाअनुदानित शाळा, पहिल्या पिढीतील व सुशिक्षित घरांतील मुले अशा तुलना आपण नित्य करतो. ‘आर्थिक स्थितीचा परिणाम वगळला असता’ हे शब्द प्रबंधात सहज लिहिले जातात. ज्या समाजात ग्रामीण असणे आणि साधनांपासून वंचित असणे यांची वीण इतकी घट्ट आहे, तेथे एक धागा ओढून काढल्यावर उरलेल्या वस्त्रास ‘ग्रामीण’ म्हणता येईल काय, हा प्रश्न संगणक विचारणार नाही. तो मार्गदर्शकाने, परीक्षकाने आणि संशोधकाने स्वतः विचारला पाहिजे.

त्या दृष्टीने प्रत्येक गटतुलनेत तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाणे इष्ट ठरेल. सहचल कोणता व तो का निवडला, हे सामग्री पाहण्यापूर्वी नोंदलेले असावे. सहचल घेऊन व न घेता असे दोन्ही निष्कर्ष द्यावेत. आणि दोन्ही गटांत सहचलाची व्याप्ती परस्परांवर कितपत येते, हे दाखवावे. यामुळे प्रत्येक वाद मिटेल असे नाही. पण जी निवड ब्रोकाच्या हातून नकळत झाली, ती निदान सर्वांसमोर होईल आणि तिला आव्हान देण्याचा मार्ग, ज्यांची मोजणी झाली त्यांच्यासाठीही, खुला राहील.